एकच गाणी, दोन कप्पे

गाण्यांच्या डिजिटल संग्रहासाठी आलेल्या नोंदी तपासणे हे माझे काम आहे. ऐकणाऱ्याला गाणे आणि मुखपृष्ठ एवढेच दिसते. आमच्यापुढे संगीतकार, भाषा, वादक, हक्कधारक असे कितीतरी रकाने असतात, आणि त्यांतल्या ‘संगीतप्रकार’ या रकान्यात एकच उत्तर भरता येते.

त्या दिवशी पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनच्या गायिका अँजेलिक किजो यांचा २०१८ चा ‘रिमेन इन लाइट’ हा अल्बम माझ्याकडे आला. टॉकिंग हेड्स या न्यूयॉर्कच्या बँडच्या १९८० मधील याच नावाच्या अल्बममधली आठही गाणी किजो यांनी त्यात नव्याने गायली आहेत. शीर्षके तीच, रचनाकारांची नावे तीच. पण जुना अल्बम आमच्याकडे ‘रॉक’मध्ये होता आणि हा ‘वर्ल्ड’, म्हणजे पाश्चात्त्य नसलेल्या संगीताचा कप्पा, म्हणून भरून आला होता. मूळ अल्बमवर नायजेरियाच्या संगीतकार फेला कुटी यांच्या अफ्रोबीट या शैलीचा प्रभाव आहे, हे त्या बँडने कधीच लपवलेले नाही. पश्चिम आफ्रिकेचा ताल न्यूयॉर्कच्या बँडने वाजवला की तो रॉक, आणि बेनिनच्या गायिकेने कुटी यांचेच ड्रमवादक टोनी ॲलन यांना सोबत घेऊन तो पुन्हा हाती घेतला की वर्ल्ड, ही विभागणी मला आजही पटत नाही.

त्याहून संताप आला तो भाषेच्या रकान्याचा. इंग्रजीच्या जोडीला पुरवठादाराने ‘आफ्रिकन’ असे लिहिले होते. किजो ज्यांत गातात त्या फॉन आणि योरुबा या भाषांना आमच्या यादीत स्वतंत्र संकेत आहेत. ते शोधण्याचे कष्टही कोणी घेतले नव्हते. १९८३ मध्ये राजवटीच्या जाचामुळे देश सोडून पॅरिसला गेलेल्या, तिथे जॅझ शिकलेल्या आणि पुढे ‘फिफा’ अल्बमसाठी बेनिनभर फिरून पारंपरिक ताल ध्वनिमुद्रित करणाऱ्या कलावतीची ही नोंद होती. ग्रॅमी या संगीत पुरस्कारांनीही २०२० मध्ये आपल्या विभागाला ‘वर्ल्ड’ऐवजी ‘ग्लोबल’ असे नाव दिले. कप्पा मात्र तोच राहिला.

प्रकार ‘रॉक’ करावा आणि भाषा नावानिशी लिहाव्यात, या बदलाची मी लेखी कारणे दिली. त्यावर एका सहकाऱ्याने विचारले, की आफ्रिकेचे संगीत शोधणारा श्रोता ‘रॉक’मध्ये कशाला डोकावेल? हा प्रश्न रास्त आहे, आणि एकच उत्तर मागणाऱ्या रकान्यात तो सुटत नाही. भाषांची दुरुस्ती मंजूर झाली. प्रकाराची अजून वरिष्ठांकडे पडून आहे. तिला मी आता आणखी एक मागणी जोडली आहे, क्यूबाच्या गायिका सेलिया क्रूझ यांच्या गाण्यांवरचा किजो यांचा ‘सेलिया’ हा अल्बम ‘लॅटिन’मध्येही दिसावा अशी.