कोळंबी, चार चेटकिणी आणि तो बेडूक

माझ्या बाहुल्यांच्या कार्यशाळेतल्या टेबलावर कर्मिट बेडकाचं चित्र लावलेलं आहे. कर्मिट हा मपेट्स नावाच्या अमेरिकन बोलक्या बाहुल्यांचा म्होरक्या. त्यामुळे मुलांना न्यायला आलेल्या आई-बाबांपैकी कुणी ना कुणी दर सुट्टीत विचारतंच, "ताई, तुम्हाला मपेट्स एवढे आवडतात, तर तो विझर्ड ऑफ ऑझवाला सिनेमा कसा आहे? मुलांना दाखवू का?" दारात उभ्या उभ्या मी "अर्धा दाखवा" म्हणते आणि समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

मपेट्स आमच्या घरी आले ते मामाच्या बॅगेतून. 1986 साली त्यानं लंडनहून 'द मपेट शो'ची एक व्हिडिओ कॅसेट आणली. इंग्लंडची कॅसेट आपल्याकडे रंगीत दिसायची, अमेरिकेची धड चालत नसे, एवढ्या एका योगायोगावर माझं पुढचं आयुष्य ठरलं. कार्यक्रमातली मंडळी अमेरिकन, पण 1976 ते 1981 पर्यंतचे त्याचे 120 भाग इंग्लंडमध्येच चित्रित झाले होते. त्यातले आमच्याकडे मोजकेच, आणि ते मी टेप झिजेपर्यंत पाहिले.

'द मपेट्स विझर्ड ऑफ ऑझ' अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 20 मे 2005 रोजी लागला. मपेट्सचे जनक आणि कर्मिटला हात-आवाज देणारे जिम हेन्सन गेले 16 मे 1990 ला. म्हणजे पंधरा वर्षं आणि चार दिवस. डिस्नेनं आदल्याच वर्षी मपेट्स विकत घेतले होते आणि त्यानंतरचा हा पहिला सिनेमा. कर्मिटचा हात आता स्टीव्ह व्हिटमायर यांचा होता. मिस पिगी आणि फॉझी अस्वल फ्रँक ऑझ यांच्याकडून (त्यांच्या आडनावाचा या गोष्टीशी संबंध नाही) एरिक जेकबसनकडे आले होते. हात बदलले म्हणून माझी तक्रार नाही. आपण अर्धवटराव यशवंत पाध्यांकडून रामदास पाध्यांकडे आलेले पाहिलेत, आणि ते अर्धवटरावच राहिले. बाहुलीला वारस असतो. वारसाला काम काय मिळालं, एवढंच मी बघते.

पिगीला भरपूर मिळालं. चारही चेटकिणी तीच आहे, दोन चांगल्या, दोन वाईट. मूळ गोष्ट एल. फ्रँक बॉम यांच्या 1900 सालच्या पुस्तकातली: कॅन्ससची डोरोथी वादळात उडून ऑझ या जादूच्या देशात पडते आणि घरी जायची वाट विचारायला विझर्डकडे, म्हणजे तिथल्या जादूगाराकडे, निघते. त्या पुस्तकात उत्तरेची आणि दक्षिणेची चेटकीण वेगवेगळ्या आहेत. 1939 च्या प्रसिद्ध सिनेमानं त्यांची एकच करून टाकली होती. इथे त्या पुन्हा दोन झाल्या. डोरोथीचे जादूचे बूटही पुस्तकातल्यासारखे चांदीचे. माणकाचे लाल बूट ही त्या जुन्या रंगीत सिनेमाची करणी. कुणीतरी पुस्तक उघडून वाचलं होतं, हे बघून मला भरून आलं.

आणि टोटो, पुस्तकातला डोरोथीचा कुत्रा! इथे कॅन्ससमध्ये डोरोथीनं कुत्र्याऐवजी एक कोळंबी पाळलेली असते. ऑझमध्ये पोचताच तिचा पेपे होतो, मपेट्समधला अखंड बडबड करणारा कोळंबी. पुस्तकावर प्रेम आणि मपेट्सचा खट्याळपणा या एका कल्पनेत एकत्र आलेत. पेपे असला की मी पडद्यावरून नजर हलवत नाही.

मग अर्धा का? कर्मिटमुळे.

मुलांना मी पहिल्या दिवशी मोज्याची बाहुली देते आणि सांगते, आज हिला बोलू द्यायचं नाही, नुसतं ऐकू द्यायचं. मोज्यातली बोटं किंचित आत ओढली की तोंड मुडपतं आणि बाहुली विचारात पडलेली दिसते. कर्मिटचं सगळं मर्म त्यात आहे. चेहऱ्यात यंत्र कुठलंच नाही, मऊ कापडाच्या आत एक पंजा. कलाकार हात डोक्यावर धरून, खाली ठेवलेल्या मॉनिटरकडे बघत तो पंजा चालवतो. समोरच्याचं खुळं बोलणं ऐकताना कर्मिटचा चेहरा असा काही चुरगळतो की आपल्याला त्याच्या मनातलं सगळं कळतं. पण त्यासाठी कॅमेऱ्यानं दोन क्षण थांबावं लागतं.

हा सिनेमा थांबत नाही. डोरोथी झालेली गायिका आशांती मनापासून काम करते, पण इथली डोरोथी विझर्डकडे घरी जायची वाट मागत नाही, गायिका म्हणून प्रसिद्धी मागते. गोष्ट तिथे वळते आणि बुजगावणं झालेला कर्मिट तिच्या मागच्या रांगेत जाऊन उभा राहतो. ज्यानं 'द मपेट शो'मध्ये एक अख्खं नाट्यगृह सांभाळलं त्याला नुसती सोबत करायला ठेवलं, हे मला अजून सोसत नाही. दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनो आणि कर्मिट सिनेमा कसा करायचा यावर बोलतात तो प्रसंग मी म्हणूनच पुन्हा पुन्हा लावते. त्यात कर्मिट ऐकतो, आणि चेहरा मुडपतो. व्हिटमायर यांच्या हातात सगळं होतं. लेखकांनी मागितलं नाही.

काही विनोद मोठ्यांच्या कानांसाठी आहेत, आणि ते मला अजिबात आवडले नाहीत. हेन्सनही खोड्या काढत, पण त्या लहान मुलाच्या डोक्यावरून हळूच निघून जायच्या. इथे मूल विचारतं, "ते का हसले?"

तर दाखवा. आधी 1979 चा 'द मपेट मूव्ही' दाखवा. सुरुवातीला कर्मिट दलदलीत ओंडक्यावर बसून बँजो वाजवत गातो. त्या वेळी हेन्सन पाण्याखाली एका बंद टाकीत दाटीवाटीनं बसून हात वर काढून होते, हे मुलांना गाणं संपल्यावर सांगा, आधी नको. मग सायकलवरचा कर्मिट पाहू द्या. त्यांना तो बेडूक ओळखीचा झाला की एखाद्या रविवारी ऑझ लावा, शेजारी बसा, आणि पेपे आला की आवाज थोडा वाढवा.