गावातलं कुणीतरी

१२ जून

शाळेच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना आहे : आईवडिलांखेरीज स्थानिक संपर्क. नाव, फोन, नातं. बाकीचा फॉर्म झरझर भरला आणि इथे अडले. शेवटी पुण्याच्या मावशीचा नंबर लिहून टाकला. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मावशी पुण्याहून इथे कधी पोचणार हो? रेड अलर्ट आला की मध्येच शाळा सोडावी लागते. गावातलं कुणीतरी लिहा."

नवऱ्याची रत्नागिरीला बदली झाली तेव्हा सगळ्याची चौकशी करून ठेवली होती. भाडं, शाळा, मुलांचे डॉक्टर, घरात रेंज येते की नाही. हा रकाना मात्र डोक्यातच आला नव्हता. पुण्यात थोरलीच्या जन्माआधीपासून एकाच सोसायटीत होतो. तिथे न विचारता पाच नावं लिहिली असती.

फॉर्म परत आणलाय. सोमवारी द्यायचाय.

१४ जून

आज मुलांना मिरकरवाड्याला होड्या दाखवायला नेलं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे बंदर भरलेलं. होड्यांवर निळी प्लास्टिकं, एकीवर कुत्रा झोपलेला. धाकट्याला समुद्रापेक्षा कुत्राच आवडला.

परत आलो तर शेजारच्या आजी फाटकात उभ्या. "काय गो, आगोट भरलीस की नाही?" आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मी म्हटलं, लागेल तसं मागवू. आजी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांची सून सुकट, आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेऊन हजर. "पाऊस आठवडाभर लागून राहिला की काही मिळत नाही," म्हणाली. मी संकोचून पैशांचं विचारलं आणि तिचा चेहरा पडला. मग तेवढ्याच संकोचाने फॉर्मचं विचारलं, तर एकदम खुलली. आजी आतूनच ओरडल्या, "लिही की! त्यात विचारायचं काय? पण माझा नको, मला फोन ऐकू येत नाही. हिचा लिही."

नात्याच्या रकान्यात 'शेजारी' लिहिलं.

२९ जून

कपडे वाळत नाहीत. नवऱ्याच्या पट्ट्याला बुरशी आली. घरभर ओल्या गणवेशांचा वास.

ओळखी वाढवायच्या म्हणून मी अगदी पद्धतशीर कामाला लागले होते. पालकांच्या ग्रुपवर सगळ्यांना नमस्कार केला, सतरा अंगठे आले, पुढे काही नाही. थोरलीच्या वर्गातल्या दोघींना पोह्यांना बोलावलं. त्या आल्या, त्यांच्या आया फाटकातूनच परत गेल्या. नगर वाचनालयात नाव घातलं. १८२८ सालची संस्था, म्हटलं तिथे तरी चार माणसं बोलतील. तिथे सगळे गप्प बसून वाचतात, आणि ते बरोबरच आहे.

थोरलीचं मला जास्त लागतं. पुण्याच्या मैत्रिणीशी दर रविवारी व्हिडिओ कॉल ठरलाय. सुरुवातीला दोघी एकमेकींचं ऐकूनच घेत नव्हत्या. आज तिने नवा खोडरबर दाखवला, हिने आपला दाखवला. मग दोघी आपापल्या चेहऱ्याकडे बघत बसल्या. "आईने जेवायला बोलावलंय," असं हीच म्हणाली. मी बोलावलं नव्हतं.

जुलै, तारीख बघायला उठायचा कंटाळा

रेड अलर्ट. साडेदहालाच शाळा सोडली. नवरा चिपळूणच्या शाखेत, मी ऑफिसच्या कॉलवर, त्यात वीज गेली, राउटर बंद, मोबाइलला रेंज नाही. वीज आली तेव्हा बाईंचे चार मिस्ड कॉल, आणि सुनेचा मेसेज : दोघांना आणलंय, जेवतायत.

धावत गेले. धाकट्याची बालवाडीही सुटली होती, त्यालाही उचलून आणलेलं. दोघं पाटावर बसून कुळथाची पिठी आणि भात ओरपत होती. घरी पिठलं म्हटलं की थोरली नाक मुरडते. इथे ताट चाटून पुसून. मी आभार मानायला लागले तर आजी म्हणाल्या, "तू पण बस आता, उभ्याने काय बोलतेस."

पुण्यात मला एका गोष्टीचा अभिमान होता : आपण कुणाला त्रास देत नाही. इथे त्या अभिमानाचं कुणाला कौतुक नाही. उलट काही मागितलं नाही की माणसं अवघडतात, बाई शिष्ट दिसते असं वाटतं त्यांना. नारळ फोडायला कोयता मागितला त्या दिवसापासून पलीकडच्या घरातल्या काकू माझ्याशी नीट बोलायला लागल्या.

जुलै अखेर

धाकटा गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर चढला. जांभ्याचे दगड, वर बोटभर हिरवं शेवाळ. मी खिडकीतून बघितलं आणि ओरडणार, तेवढ्यात आजी. "उतर आधी खाली! शेवाळ दिसत नाही होय रे मेल्या?" दंडाला धरून खाली ओढला आणि पाठीत एक धपाटाही घातला. मग वर माझ्याकडे बघून, "आणि तू गो? लक्ष कुठेय?"

पोटात गोळाच आला. माझ्या मुलाला माझ्यासमोर बाहेरच्या कुणी हात लावायची ही पहिलीच वेळ. पुण्यात असं झालं असतं तर आधी सोसायटीच्या ग्रुपवर भिंतीचा फोटो पडला असता, खाली 'कृपया पालकांनी नोंद घ्यावी'. मारू नये हे मला मान्यच आहे, ते मी त्यांना सांगणारही आहे. पण ते बाजूला ठेवलं तर मला फार बरं वाटलं. नवऱ्याला रात्री सांगितलं, तर म्हणाला, "तुला पण ओरडल्या ना? मग झालं." धाकटा अर्ध्या तासाने त्यांच्याच पडवीत सापडला, आजींच्या मांडीवर पाय टाकून.

श्रावणातला रविवार

उघडीप होती, थिबा राजवाड्यावर गेलो. ब्रह्मदेशाच्या या राजाला १८८५ मध्ये पदच्युत करून इंग्रजांनी पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला, १९१६ मध्ये तो वारलाही. एवढी वर्षं या गावात, आणि कायम पाहुण्यासारखा, म्हणजे कैद्यासारखा. त्याची नात टूटू मात्र इथलीच झाली. इथल्याच माणसाशी लग्न केलं, मराठीत संसार केला, गरिबीत केला, म्हातारी होऊन इथेच गेली. राजवाड्याच्या वाट्याला पाट्या आणि पर्यटक. मला तिच्याबद्दल जास्त वाचायचंय. तिला पहिल्यांदा कोयता कुणी दिला असेल? (वाचनालयात विचारायचं, हळू आवाजात.)

गणपतीच्या आधी

गल्ली बदलून गेलीय. वर्षभर कुलूप असलेली दोन घरं उघडली, चाकरमानी यायला लागलेत. आरत्या घरोघरी फिरतात, त्यात आमचं घर आठ वाजताचं, हे आम्हाला न विचारताच ठरलंय. थोरलीला झांजा मिळाल्यात. रविवारचा कॉल तिने स्वतःहून पुढे ढकलला. मला वाईट वाटलं, तिला नाही.

आज आजी आल्या, बसल्या नाहीत. "उद्या सकाळी तुमची गाडी लागेल. मुलगा येतोय तुतारी एक्स्प्रेसने, पोरं आणि सामान आहे, रिक्षावाले अडवून बघतात." विचारलं नाही, सांगितलं.

आता पावसाळी वेळापत्रकात तुतारी किती वाजता येते ते बघायचंय. चाइल्ड सीट काढायचीय, तिच्याखाली निदान दोन महिन्यांचा बिस्किटांचा चुरा आहे. नवरा म्हणतो गाडी धुऊन नेऊ, मी म्हणते या पावसात कुणी बघणार नाही. धाकट्यालाही यायचंय, म्हणजे एक मूल आजींच्या नातवंडांपैकी कुणाच्या तरी मांडीवर.