आमची वाटचाल : पैदाशीचा बोकड आणि त्याच्या पिल्लांचा हिशेब

मूर्तिजापूर आणि कारंजा लाडच्या पट्ट्यात आम्ही बेरारी या विदर्भातल्या शेळीच्या जातीचे पैदाशीचे बोकड पुरवतो. फर्मची सुरुवात मात्र बकरी ईदच्या व्यापारातून झाली. तरणे बोकड गोळा करायचे, सरकीची ढेप आणि तुरीचं कुटार घालून तयार करायचे, ईदच्या तोंडावर विकायचे. त्या धंद्यात भाव नगावर ठरतो. उंची, रंग, शिंगं पाहिली की सौदा. पुढे बकऱ्या पाळणाऱ्या बाया विचारू लागल्या, "भाऊ, कळपात सोडायले एखादा चांगला बकरा द्या ना." तिथून आमचं काम बदललं. कापायचा बोकड एकदाच पैसे देतो. पैदाशीच्या बोकडाची किंमत त्याच्या पिल्लांत असते.

सारख्याच उंचीचे, सारख्याच वजनाचे दोन बोकड शेजारच्या दोन गावांत दिले, तरी एकाची पिल्लं भराभर वाढत आणि दुसऱ्याची रेंगाळत. बोकडाच्या अंगावर दिसणारं सगळं वजन त्याच्या रक्तातलं नसतं. एकटा जन्मला, आईचं दूध वाटून घ्यायला कोणी नव्हतं, वरून ढेप मिळाली, की तो मोठा दिसणारच. यातलं काहीही पुढच्या पिढीत उतरत नाही.

हा गुंता ज्यांनी आधी सोडवला ते मांसासाठी गोवंश पाळणारे देश. आपल्याकडे तो व्यवसाय नाही, पण हिशेब तोच आहे. अमेरिकेत अँगस जातीचा वळू घेणारा शेतकरी वळूच्या वजनापेक्षा त्याच्या पिल्लांकडून काय अपेक्षित आहे तो आकडा पाहतो. ऑस्ट्रेलियात हेच काम 'ब्रीडप्लॅन' या पद्धतीने चालतं. मुळाशी जुनं संशोधन आहे. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाचे संशोधक लॅनॉय हेझेल आणि जे. लश यांनी निवडीच्या तीन पद्धती तपासल्या. एका वेळी एकच गुण सुधारायचा. प्रत्येक गुणाला पासाचे मार्क ठरवून नापास जनावर काढायचं. किंवा प्रत्येक गुणाला त्याच्या कमाईप्रमाणे भार देऊन एकच निर्देशांक काढायचा. तिसरी पद्धत सरस ठरली आणि पुढच्याच वर्षी हेझेल यांनी तो निर्देशांक बांधायचं गणित मांडलं. मला ते मनापासून पटलं, कारण पासाच्या मार्कांच्या पद्धतीत वाढीला थोडासा कमी पडलेला, पण जुळी पिल्लं जगवणाऱ्या बकरीच्या पोटचा बोकड सरळ बाद होतो. आमच्या भागाला नेमका तोच हवा असतो.

आम्ही वजनं घेणं सुरू केलं. लटकता काटा, कानात बिल्ला, आणि वहीत जन्माची तारीख, बाप, आई, एकटं की जुळं. पिल्लांची वयं वेगवेगळी असल्याने सगळी वजनं ९० दिवसांवर आणावी लागतात. गोवंशात हेच २०५ दिवसांवर आणतात. उदाहरण देतो. दोन्ही पिल्लं जन्मतः २.४ किलोची. एक १०० व्या दिवशी १२.४ किलो भरलं, दुसरं ८० व्या दिवशी ११.२ किलो. पाहणारा पहिलं उचलेल. पण ९० दिवसांचा हिशेब केला तर पहिलं ११.४ किलोवर येतं आणि दुसरं १२.३ किलोवर. त्यानंतर जुळ्यांना आणि पहिलारू बकरीच्या पिल्लांना त्यांची सूट द्यायची, आणि तुलना एकाच गावातल्या, एकाच हंगामातल्या पिल्लांशीच करायची. पावसाळ्यात चरून वाढलेलं पिल्लू आणि मे महिन्यातलं पिल्लू एका रांगेत उभं करणं हा अन्याय आहे.

भार कशाला किती, यावर आमच्या घरात सर्वांत जास्त वाद झाले. शेवटी सर्वांत मोठा भार दिला तो एका वेतात जगलेल्या पिल्लांच्या तीन महिन्यांच्या एकूण वजनाला. जुळं होण्याचा गुण रक्तातून फार थोडा उतरतो, पण दोन पिल्लं जगली तर चार बकऱ्यांवर घर चालवणाऱ्या बाईचं उत्पन्न जवळजवळ दुप्पट होतं. जन्माच्या वजनाला आम्ही वरची मर्यादा घातली आहे, कारण पिल्लू फार मोठं असेल तर पहिलारूला अडतं. मोठ्या झालेल्या बकरीच्या वजनाला उणे भार दिला. मोठी बकरी बाराही महिने जास्त खाते, आणि एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे कुटाराचीही टंचाई असते.

गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची, म्हणून आकडेही दोन. सगळी पिल्लं बाजारात विकणाऱ्यासाठी वाढीवर भर असलेला 'विक्रीचा आकडा'. पाठी, म्हणजे तरण्या बकऱ्या, घरीच ठेवून कळप वाढवणाऱ्यासाठी 'पाठींचा आकडा'. त्यात आईचे गुण आणि कमी खाणं महत्त्वाचं. एका यादीत पहिला असलेला बोकड दुसऱ्या यादीत मागे पडतो, आणि हे आम्ही विकतानाच सांगतो.

आकड्याशेजारी त्याची अचूकताही लिहितो, म्हणजे तो आकडा किती भरवशाचा; १ म्हणजे पूर्ण. आनुवंशिकता, म्हणजे वजनातल्या फरकाचा रक्तातून येणारा वाटा, ०.२५ धरली तर बोकडाच्या स्वतःच्या एका वजनावरून अचूकता ०.५ येते. दहा पिल्लांची नोंद मिळाली की ०.६३, चाळीस पिल्लांवर ०.८५. म्हणून पिल्लं न पाहिलेला तरणा बोकड आमच्याकडे स्वस्त मिळतो. त्याबदल्यात पाळणाऱ्याने प्रत्येक पिल्लाचं वजन आम्हाला घेऊ द्यायचं.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी आमच्याच वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला पंतप्रधानांच्या हस्ते गायींसाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप' यांचं लोकार्पण झालं. जनावराचा डीएनए तपासून लहानपणीच त्याची गुणवत्ता वर्तवण्याची ही सोय आहे. तेव्हापासून लोक विचारतात, "आता काट्याचं काय काम?" काम आहे, आणि मोठं आहे. हजारो जनावरांच्या खऱ्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय डीएनएचा अर्थ लावता येत नाही.

दोन वर्षांनी आम्ही बोकड परत घेतो, नाहीतर तो स्वतःच्याच पाठींवर जातो. मग तो दुसऱ्या गावी. या फिरवाफिरवीचा दुसरा फायदा तितकाच मोलाचा: एकाच बापाची पिल्लं वेगवेगळ्या गावांत तयार होतात, त्यामुळे चारा-पाण्याचा फरक बाजूला काढून गावागावांची तुलना करता येते. सध्या आमची सर्वांत कच्ची नोंद पाठींची आहे, कारण नड पडली की घरातून आधी पाठच विकली जाते. यंदापासून बोकडासोबत अट घातली आहे, की त्याची पाठ विकायची झाली तर आधी आम्हाला विचारायचं. बाजारभावाने आम्हीच घेऊ आणि तिचं पहिलं वेत वहीत येईपर्यंत सांभाळू.