एका ओळीचा लॉगर
आज जुन्या हार्डडिस्कवरचा डेटा काढत होतो. त्यात माझ्या डायल-अप बीबीएसची, म्हणजे लोक फोनलाइन आणि मोडेमवरून ज्याला जोडले जायचे त्या कॉम्प्युटरवरच्या बुलेटिन बोर्डची, लॉग फाइल सापडली आणि बाकीचं काम तसंच राहिलं.

लॉगर, म्हणजे घटनांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, मीच लिहिलेला, अगदी एवढासा. बॅच फाइलमधून चालवला की तारीख, वेळ, घटना अशी एक ओळ शेवटी जोडायचा आणि फाइल लगेच बंद करायचा. त्यामुळे मशीन मध्येच हँग झालं तरी आधीच्या ओळी शाबूत.

‘०२:१४ कनेक्ट २४००. ०२:३१ नो कॅरिअर.’ म्हणजे कुणीतरी सेकंदाला २४०० बिट्सच्या वेगाने जोडलं गेलं, आणि मग कनेक्शन तुटलं.

फोनलाइन एकच, म्हणजे एका वेळी एकच माणूस. १९७८ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या पहिल्या बीबीएसचंही तसंच होतं. ती १७ मिनिटं कुणीतरी फक्त माझ्या मशीनशी बोलत होतं, आणि मी शेजारच्या खोलीत गाढ झोपलेलो.

फाइलच्या तीन कॉपी करून ठेवल्यात.