तीच गोष्ट, पेनेलोपीसाठी

होमर वाचलेली माणसं मला हमखास विचारतात, "वाचकाला सगळं ठाऊक असताना तीच हकिगत पुन्हा कशाला?" त्यांचा रोख बहुतेक वेळा ‘ओडिसी’च्या तेविसाव्या सर्गावर असतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते, या महाकाव्यातली माझी सगळ्यात लाडकी जागा तीच आहे.

ट्रॉयच्या युद्धाला गेलेला इथाकाचा राजा ओडिसियस २० वर्षांनी घरी आलाय. रात्र सरू नये म्हणून अथेना देवीने पहाट थोपवून धरलीय. त्याची बायको पेनेलोपी आधी आपलं सोसणं सांगते आणि मग तो बोलू लागतो. सगळा प्रवास घडला त्या क्रमाने, सुरुवातीपासून घरापर्यंत, संपूर्ण काव्यात इथेच येतो. त्याला शेवटी घरी पोचवणाऱ्या फायेशियन लोकांच्या दरबारात याच प्रवासाला चार सर्ग लागले होते, इथे जेमतेम तीसेक ओळी पुरतात. अलेक्झांड्रियाचा प्राचीन होमर-अभ्यासक अरिस्टार्कस याला त्या मूळच्या वाटत नव्हत्या. मला मात्र त्या काढून टाकवत नाहीत.

कारण ऐकणारी बदलली आहे. सर्सी या जादूगार देवीकडे तो वर्षभर राहिला होता, तिच्या शेजेवरही गेला होता. बायकोला सांगताना त्यातलं उरतं ते सर्सीचं कपट आणि तिच्या क्लृप्त्या. किनाऱ्यावर भेटलेल्या फायेशियन राजकन्या नौसिकाचं तर नावही निघत नाही. कॅलिप्सो या अप्सरेला मात्र तो वगळत नाही. तिने अडवून ठेवलं, नवरा हो म्हणाली, अजरामर करीन म्हणाली, पण त्याचं मन काही वळलं नाही. हे सातव्या सर्गात येऊन गेलंय, जवळजवळ त्याच शब्दांत. तेव्हा समोर फायेशियनांचे, म्हणजे परके राजा-राणी होते. आता जिच्याकडे परतायचं म्हणून अमरत्व नाकारलं, तीच शेजारी पडून ऐकते आहे. शब्द तेच, पण आता ते पोचायचे तिथे पोचले.

आणि हे सांगणारा कोण? बाराव्या सर्गाच्या शेवटी, एकदा नीट सांगून झालेलं पुन्हा सांगायचा आपल्याला तिटकारा आहे, असं म्हणून गोष्ट थांबवणारा हाच माणूस. आज तो पहिल्यापासून सगळं सांगतो.

तो सांगून संपेपर्यंत पेनेलोपीच्या डोळ्याला डोळा लागत नाही. झोप आधी त्याला येते, कॅलिप्सो आणि फायेशियन सांगून झाल्यावर. त्याची झोप पुरेशी झालीसं वाटल्यावरच अथेना पहाटेला सोडते.