हिवाळी टायर: दोन घ्यावेत की चारही? – माझा अनुभव

ज्या उतारावरून मी वर्षभर रोज दोनदा गाडी नेत होते, त्याच उतारावर पहिला बर्फ पडल्याच्या सकाळी गाडी मला ऐकेनाशी झाली. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत होता, पुढच्या चौकात कोणी नव्हते आणि ब्रेकही मी नेहमीच्याच ठिकाणी दाबला होता. पायाखाली एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर जाणवत होती, म्हणजे ती यंत्रणा आपले काम करत होती. तरीही गाडी सरळ रेषेत, कसलाही आवाज न करता, थांबण्याच्या पट्ट्यावरून पुढे घसरत गेली आणि चौकाच्या मधोमध जाऊन थांबली. आडव्या रस्त्याने त्या वेळी कोणी आले नाही, म्हणून निभावले. मागच्या सीटवर माझी मुलगी बसली होती. त्या दिवशी घरी परतल्यावर मी गाडीच्या टायरांकडे पहिल्यांदा नीट लक्ष देऊन पाहिले.

टायर चांगले होते, हेच मला आधी उमगेना. ते जेमतेम आठ महिने वापरलेले होते, नक्षी खोल होती आणि हवाही बरोबर होती. पण ते उन्हाळी टायर होते, आणि हा शब्द तोवर मी फारसा मनावर घेतलेला नव्हता. टायरच्या बाजूवर अंगठ्याचे नख दाबून पाहिले, तर थंडीने ते रबर पार ताठरले होते. उन्हाळी टायरचे रबर उष्ण रस्त्यावर झिजू नये, गरम होऊन अति मऊ पडू नये, अशा मिश्रणाचे बनवलेले असते; तापमान उतरत गेले की तेच मिश्रण कडक होते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरून धरून राहण्याची त्याची क्षमता कमी होते. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण असे राखलेले असते की थंडीतही ते लवचिक राहते. साधारण ७ अंश सेल्सिअस ही सीमारेषा टायर उद्योगात सांगितली जाते. त्या अंशाला काही एकाएकी बदलत नाही, तो एक ढोबळ अंदाज आहे. परंतु त्यातून माझा एक मोठा गैरसमज दूर झाला. हिवाळी टायर फक्त बर्फासाठी असतात असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात त्यांचा संबंध आधी थंडीशी आहे आणि मग बर्फाशी.

बर्फाचा भाग नक्षीत असतो. हिवाळी टायरच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक, नागमोडी चिरा असतात. चाक फिरताना त्या चिरा उघडतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात, आणि रुंद खाचांमध्ये बर्फ दाबून भरला जातो. तो भरलेला बर्फ खालच्या बर्फाला चांगला चिकटतो. मुठीत बर्फ दाबला की त्याचा घट्ट गोळा होतो, तसाच हा प्रकार आहे. माझ्या उन्हाळी टायरवर अशा चिरा जवळजवळ नव्हत्याच. एबीएस चाके लॉक होऊ देत नाही, त्यामुळे स्टिअरिंग हातात राहते, पण जी पकड टायर आणि रस्ता यांच्यात मुळातच नाही ती कोणतीही यंत्रणा निर्माण करू शकत नाही. चारही चाके ओढणाऱ्या गाड्यांनाही हे लागू आहे: त्या बर्फातून निघतात लवकर, थांबताना मात्र त्यांच्याकडे इतर गाड्यांसारखीच चार चाके आणि तेवढेच रबर असते.

हे सगळे टायर विकण्यासाठी रचलेले तर नाही ना, अशी शंका मला होती, आणि ती मी मोकळेपणाने तपासली. फिनलंडमधल्या ज्या रबर कारखान्यातून पुढे नोकियन टायर्स ही कंपनी झाली, त्याने १९३४ मध्ये मालट्रकसाठी हिवाळी टायर बनवला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी. बर्फातून माल पोहोचवणाऱ्या चालकांची ती गरज होती. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात २००८ पासून हिवाळ्यात असे टायर कायद्याने बंधनकारक आहेत, तर जर्मनीत २०१० पासून रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ (अर्धवट वितळलेला, पाणचट बर्फ) किंवा गोठलेला ओलावा असेल तेव्हा ते असावेच लागतात. सगळीकडे असा नियम नाही, आणि जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे तो असण्याचे कारणही नाही. माझ्याकडे मात्र वर्षातले चार महिने सकाळचे तापमान ७ अंशांच्या खाली असते आणि मला सकाळीच निघावे लागते. टायर घ्यायचे, हे इथेच ठरले.

किती घ्यायचे, याचा निर्णय मात्र सहज झाला नाही. थोरल्या भावाला फोन केला, तेव्हा दादाने लगेच सांगितले, "अगं, तुझ्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना जाते ना? मग पुढे दोन टाक, बाकीचा खर्च कशाला?" त्याचा युक्तिवाद मला पटलाही होता. ओढणारी चाके पुढची, वळणारी चाके पुढची, ब्रेकचा मोठा भारही पुढच्याच चाकांवर. मग मागची दोन नुसती मागून फरपटत येतात, त्यांना नवे रबर कशाला? दोन दिवस मी दोनच टायर घेण्याच्या विचारात होते.

हा विचार कुठे चुकतो, ते मला कागदावर गाडीचे चित्र काढल्यावर समजले. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकणारा भाग साधारण तळहाताएवढा असतो. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणजे मागचे दोन तळहात हलके होतात. आता पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी टायर आहेत असे समजू. वळणावर उतरताना मी वेग कमी करते, पुढची चाके बर्फाला घट्ट धरतात आणि वळतात. मागची, आधीच हलकी झालेली आणि ताठ रबराची चाके धरू शकत नाहीत आणि बाहेरच्या बाजूला सरकू लागतात. गाडीचे तोंड वळणाच्या आत आणि पाठ बाहेर, असे होऊन गाडी स्वतःभोवती फिरते. पुढची पकड जितकी चांगली, तितकी ही शक्यता अधिक. चारही टायर उन्हाळी असतील तर गाडी सरळ घसरते, आणि ते वाईटच. पण पाठ फिरण्यास जेव्हा सुरुवात होते, तेव्हा सामान्य चालकाच्या हातात ती सावरायला फारच थोडा वेळ असतो. त्यातही दोन टायरमुळे आलेला विश्वास आधीच वेग वाढवून बसलेला असतो, कारण निघताना आणि चढावर गाडी उत्तम चालते, आणि उणीव नेमकी उतारावरच्या वळणात उघडी पडते.

मग दोन मागे टाकावेत का, हेही मी पडताळून पाहिले. त्याने पाठ जागेवर राहील, पण ज्या चाकांवर ब्रेकचा बहुतेक भार आणि सगळे वळण, तीच घसरणारी राहतील. म्हणजे मी पुन्हा त्या चौकाच्या मधोमध. मागची चाके ओढणाऱ्या गाडीत दोनच टायर मागे टाकले तरी हेच होते: गाडी निघते, पण वळत नाही. एकाच प्रकारच्या टायरांपैकी दोनच नवे घ्यायचे झाले तर ते मागे बसवावेत, असे टायर कंपन्या सांगतात, आणि त्या सल्ल्यामागचे कारणही मागची पकड टिकवणे हेच आहे. परंतु तो सल्ला कमी-अधिक झिजलेल्या टायरांपुरता आहे, दोन वेगळ्या ऋतूंचे टायर मिसळण्याचा परवाना नव्हे. दादाला मी ते चित्र पाठवले. त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही आणि मग एवढेच लिहिले, "चारच घे."

मधला मार्ग म्हणून सर्व ऋतूंच्या टायरांचाही विचार केला. जिथे बर्फ वर्षातून दोन-चार दिवस पडतो आणि लगेच वितळतो, तिथे मी तेच घेतले असते. माझ्या उतारावर तो आठवडेच्या आठवडे दाबून बसतो, दुपारी वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. शून्याच्या आसपासचा असा बर्फ फार कडक थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर राहतो. बर्फात रुतण्यासाठी धातूचे खिळे बसवलेले टायर मात्र मला नको होते. माझा बहुतेक प्रवास साफ केलेल्या डांबरी रस्त्यावर होतो, आणि तिथे खिळे आवाज करतात व रस्ता उकरतात.

खरेदीच्या वेळी मी तीन गोष्टी स्वतः वाकून पाहिल्या. पहिली, टायरच्या बाजूवरचे चिन्ह. चिखल आणि बर्फ दर्शवणारी 'एम प्लस एस' ही अक्षरे पुरेशी नाहीत, कारण ती उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर छापू शकतो; तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण, हे चिन्ह मात्र बर्फावरची ठरलेली चाचणी उत्तीर्ण झालेल्या टायरलाच मिळते. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून हे चिन्ह असलेलेच ग्राह्य धरले जातात. दुसरी गोष्ट म्हणजे निर्मितीची तारीख: 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे ३२२४ असेल तर २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. चारांपैकी एका टायरवरची तारीख इतर तिघांपेक्षा तीन वर्षे जुनी निघाली. मी तो बदलून मागितला आणि दुकानदाराने बदलून दिला. तिसरी गोष्ट माप. ते मी दाराच्या चौकटीवरच्या पट्टीशी आणि गाडीच्या पुस्तिकेशी ताडून घेतले. पुस्तिकेत हिवाळ्यासाठी थोडे अरुंद मापही मान्य केलेले होते, आणि तेच घेतले, कारण अरुंद टायर मऊ बर्फावर तरंगत न राहता तो कापून खाली जातो.

टायरांबरोबर साध्या स्टीलच्या चार रिमही घेतल्या. खर्च वाढला, हे खरे. पण दर सहा महिन्यांनी त्याच रिमवरून टायर उतरवायचे आणि चढवायचे म्हणजे टायरच्या कडेला इजा होण्याचा धोका दरवेळी पत्करायचा. दोन वेगळे संच असले की फक्त चाके बदलावी लागतात.

बसवून घेतल्यावर एक चूक मला घरी आल्यावर दिसली. या टायरांची नक्षी बाणाच्या टोकासारखी आहे आणि ते एकाच दिशेने फिरायचे असतात. बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. गाडीभोवती फिरून पाहिले, तर मागच्या दोन्ही चाकांचे बाण मागच्या दिशेला होते. डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे बसवले गेले होते. चाके उलटी फिरली की खाचा पाणी आणि चिखलबर्फ बाहेर टाकण्याऐवजी आत ओढतात. दुसऱ्या दिवशी परत जाऊन मी ती अदलाबदल करून घेतली. कामात होतात अशा चुका, पण मला वाईट याचे वाटले की चाके बसवल्यावर कोणीही गाडीभोवती एक फेरी मारली नव्हती. ती फेरी आता मी मारते.

हवेचेही असेच झाले. कार्यशाळेच्या उबदार खोलीत भरलेली हवा सकाळच्या गारठ्यात आकसली आणि दाब कमी असल्याचा दिवा लागला. तापमान १० अंशांनी उतरले की दाब साधारण दीड पीएसआयने कमी होतो, त्यामुळे हवा गाडी थंड असताना, बाहेरच्या तापमानालाच तपासावी लागते. पहिल्या ऐंशी-नव्वद किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकेच नट आवळणाऱ्या पान्याने) चाकांचे नटही पुन्हा तपासले. दोन नट किंचित पुढे सरकले. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढतानाचा गुळगुळीतपणा असतो, तो जाईपर्यंत काही शे किलोमीटर मी जोराचे ब्रेक आणि वेगाची वळणे टाळली.

त्यानंतर बर्फ पडला, तेव्हा मुलीला घरी ठेवून मी पहाटे एका रिकाम्या वाहनतळावर गेले. दिव्याच्या पहिल्या खांबापाशी ताशी ३० वर जोरात ब्रेक दाबला. एबीएसची तीच थरथर पायाला लागली, पण या वेळी अंग पुढे ढकलले गेले, पट्टा छातीवर ताणला आणि गाडी दुसऱ्या खांबाच्या बरीच अलीकडे थांबली. मग मंद वेगात गोल फिरवताना मुद्दाम ब्रेक दाबला, आणि तीन-चार वेळा तेच केले, कारण मला पुढचे नव्हे, मागचे टायर पाहायचे होते. पाठ जागची हलली नाही. अंतर मात्र कोरड्या रस्त्यापेक्षा स्पष्टच जास्त होते, त्यामुळे त्या उतारावर मी आता पूर्वीपेक्षा बरेच आधी वेग कमी करते.

वसंतात पारा दहा-बारा अंशांवर स्थिर झाला, तशी मी ती चाके उतरवली, कारण उबेत हे मऊ रबर लवकर झिजते आणि थांबण्याचे अंतरही वाढते. धुऊन, वाळवून प्रत्येक चाकावर खडूने लिहिले: पुडा, पुउ, माडा, माउ, म्हणजे पुढचे डावे, पुढचे उजवे, आणि तसेच मागचे. रिमसह असल्याने ती आडवी एकावर एक रचली. नक्षीची कायद्याने ठरलेली किमान खोली बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटर असली तरी बर्फावर ४ मिलिमीटरच्या खाली हे टायर फारसे कामाचे राहत नाहीत, म्हणून खोली मोजून वहीत नोंदवली: मागे ८, पुढे ७. पुढची जोडी पुढच्या हिवाळ्यात त्याच बाजूला मागे जाईल, म्हणजे चारही एकत्र झिजतील आणि बदलायचे झाले तर चारही एकत्रच बदलता येतील.