चाकाच्या टोकावरची जागा

हिवाळ्यातील कित्येक रविवारी आपल्या मराठी शाळेच्या हजेरीपटावर माझी गैरहजेरी लागत असे, कारण त्या दिवशी मी मिशिगनमधील किंवा शेजारच्या ओहायोतील एखाद्या बर्फाच्या रिंकवर आमच्या गावाच्या सिंक्रोनाइज्ड स्केटिंग, म्हणजे अनेक जणींनी मिळून एका तालात बर्फावर आकृत्या साकारण्याच्या खेळाच्या, संघातून स्पर्धेत उतरलेली असे. या खेळाचा उगम मिशिगनमधलाच. 1956 साली ॲन आर्बर येथे रिचर्ड पोर्टर यांनी ‘हॉकेट्स’ हा पहिला संघ उभा केला आणि विद्यापीठाच्या हॉकी सामन्यांच्या मध्यंतरात त्या मुली बर्फावर उतरू लागल्या. आमच्या रिंकवर संध्याकाळच्या वेळा हॉकीसाठी राखलेल्या असत. आमच्या वाट्याला शाळा भरण्यापूर्वीची पहाट येई.

वर्तुळ, रांग, चौकट, चाक आणि छेद या आकृत्यांवर या खेळाची रचना उभी असते. त्यांपैकी चाकाच्या टोकाला माझी जागा होती. एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवून सगळ्या जणी फिरू लागल्या की मध्याजवळची मुलगी जवळजवळ जागच्या जागी वळते, तर टोकाच्या मुलीला तेवढ्याच वेळात सर्वांत मोठे वर्तुळ कापावे लागते. ती मागे पडली किंवा पुढे गेली, तरी चाकाचा आरा वाकतो आणि उंचावर बसलेल्या परीक्षकांना ते तत्काळ दिसते. त्यामुळे आपला वेग शेजारणीच्या खांद्यावरून ओळखावा लागतो. एकटीने घेतलेल्या उड्यांपेक्षा हे मला अधिक अवघड आणि अधिक सुंदर वाटत आले आहे, आणि या खेळाला ऑलिम्पिकमध्ये अजूनही स्थान नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ताल मात्र मी आपल्या शाळेत शिकले. गणेशोत्सवातील लेझीमसाठी मावशी आम्हाला सभागृहात आठ-आठ मात्रांवर चालवून घेत, आणि बर्फावर संगीत सुरू झाले की माझ्या मनात त्यांच्याच आवाजातले ‘एक, दोन, तीन, चार’ चालू होई.

दुकानात ‘त्वचेच्या रंगाचे’ म्हणून मिळणारे पायमोजे गोऱ्या मुलींच्या रंगाचे असत. माझे पाय माझ्याच रंगाचे दिसावेत म्हणून आई ते गरम कोऱ्या चहात भिजवून ठेवी. आमच्या प्रशिक्षिकेने ते पाहिले आणि पुढील हंगामापासून प्रत्येकीने आपापल्या वर्णाचे मोजे घालावेत, असे ठरवून टाकले. त्या निर्णयाबद्दल मला त्यांच्याविषयी आजही आदर वाटतो.

2000 साली मिनियापोलिस येथे या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि स्वीडनचा ‘टीम सरप्राइज’ विजेता ठरला. त्यांची चित्रफीत आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली. विशेषतः छेद, ज्यात दोन रांगा समोरासमोर येऊन एकमेकींच्या आरपार जातात. मिडवेस्टर्न विभागीय स्पर्धेत नेमक्या त्याच आकृतीत आमची एक मैत्रीण पडली. कोणीही थांबले नाही, पण रांगेतील तिची जागा दोन्ही बाजूंच्या मुलींनी मोकळी राखली आणि काही क्षणांत ती धावत येऊन तिथे उभी राहिली. आम्हाला पदक मिळाले नाही.

पुढच्या गणेशोत्सवाला ती मैत्रीण आणि संघातील आणखी काही मुली आपल्या शाळेत आल्या. मावशींनी एका दुपारच्या सरावात त्यांच्याकडून लेझीमचे चार हात पक्के करून घेतले आणि मिरवणुकीत त्यांना माझ्याच रांगेत उभे केले.